राजीनाम्याचा कागद खिशातच ठेव

पेडणे

चिरंजिवास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. राजीनामा अजून भाजपच्या मंडळ अध्यक्षांच्या हातात पडला नसेल तर चार दिवस खिशातच ठेव. नेते बोलतात एक आणि करतात एक, या तुझ्या तक्रारीवर माझा वाद नाही. पत्राच्या शेवटी तू जे लिहिलंस, ‘आपल्या पक्षात कट्टर तेवढे खरे, नेमस्त म्हणजे सत्तेचे दलाल’, त्यावर मात्र आहे. असं वाक्य तावातावात लिहिलं जातं आणि मग माणूस आयुष्यभर त्याच्याशी बांधला जातो.

आधी या लेबलांचं बघ. एप्रिल 2002 मध्ये पक्षाच्या राष्ट्रीय कार्यकारिणीची बैठक पणजीत झाली. गुजरातच्या दंगली ताज्या होत्या. नरेंद्र मोदींनी मुख्यमंत्रिपद सोडावं असं वाजपेयींना वाटतं, हे पक्षात सगळे जाणून होते. मोदींनी राजीनामा देऊ केला, बैठकीने तो नाकारला, आणि तेव्हा मोदींच्या पाठीशी उभे होते लालकृष्ण अडवाणी. जून 2013 मध्ये पुन्हा तीच कार्यकारिणी, तेच गोवे. मोदींकडे प्रचार समितीचं प्रमुखपद आलं. अडवाणी तब्येतीचं कारण सांगून आलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी पक्षातल्या पदांचे राजीनामे दिले, मग मागेही घेतले. 1990 ची रथयात्रा काढणारा माणूस तेवीस वर्षांनी वर्तमानपत्रांत नेमस्त म्हणून छापून आला. मध्ये 2005 चं जिनांबद्दलचं वक्तव्य होतं हे कबूल. तरी बराचसा फरक त्यांच्या शेजारी कोण उभं आहे यामुळेच पडला.

भाईंचं, म्हणजे मनोहर पर्रीकरांचंही तेच. म्हापशाचे संघचालक, रामजन्मभूमीच्या आंदोलनात उत्तर गोव्यात राबलेले. तेच भाई मुख्यमंत्री असताना ऑगस्ट 2014 मध्ये प्रमोद मुतालिकांच्या श्रीराम सेनेला गोव्यात बंदी झाली. जुलै 2017 मध्ये त्यांनीच विधानसभेत सांगितलं की राज्यात गोमांसाचा तुटवडा पडू देणार नाही, लागलं तर बेळगावहून आणू. तू तेव्हा शाळेत असशील. आमच्यातल्या कित्येकांना त्या रात्री जेवण गेलं नाही. भाई शाखेत शिकलेलं विसरले, असं मात्र मला तेव्हाही वाटलं नाही. 2011 च्या जनगणनेनुसार गोव्यात पंचवीस टक्के ख्रिस्ती आहेत, दक्षिण गोव्यातल्या एकट्या सासष्टी तालुक्यात विधानसभेच्या आठ जागा आहेत. हा हिशेब ज्याला रोज मांडावा लागतो तो माणूस शाखेतल्या बौद्धिकासारखा बोलू शकत नाही.

तर आता शाळांतल्या शिक्षणाच्या माध्यमाचा वाद. तू त्याच्याबद्दल अर्धंच ऐकलं आहेस, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

1990 मध्ये शशिकलाताई काकोडकर शिक्षणमंत्री होत्या. सरकारी अनुदान मराठी किंवा कोकणीतून शिकवणाऱ्या प्राथमिक शाळांनाच, हे तेव्हा ठरलं. 2011 मध्ये दिगंबर कामतांच्या काँग्रेस सरकारने ते फिरवलं आणि इंग्रजी शाळांनाही अनुदानाचं दार उघडलं. त्यातून भारतीय भाषा सुरक्षा मंच उभा राहिला. ताई त्यात होत्या, संघाचे विभाग संघचालक सुभाष वेलिंगकर सर होते, कोकणीसाठी आयुष्य घालवलेले उदय भेंब्रे होते. 1987 च्या राजभाषा कायद्याच्या वेळी जे मराठीवाले आणि कोकणीवाले एकमेकांचं तोंड बघत नव्हते ते एका व्यासपीठावर बसले होते. असा योग गोव्यात पुन्हा यायचा नाही. आपला पक्ष विरोधात होता, तोही त्या आंदोलनात उतरला.

मार्च 2012 मध्ये 40 पैकी 21 जागा आल्या. त्याच निवडणुकीत भाईंनी सहा ख्रिस्ती उमेदवार दिले होते आणि सहाही जिंकले. म्हणजे एकाच निकालाच्या पोटात दोन वचनं होती. एक मातृभाषेच्या शाळांना दिलेलं आणि दुसरं, उघड न बोललेलं, सासष्टी-बार्देशच्या ख्रिस्ती मतदारांना. सत्तेवर आल्यावर चर्चच्या शाळांचं अनुदान चालूच राहिलं. पहिलं वचन मोडलं.

इथे मला नेमस्तांचा राग येतो, आणि तो अजून गेलेला नाही. सरकार टिकवायचं म्हणून निर्णय बदलावा लागला असेल, राजकारणात लागतो. पण ज्या कार्यकर्त्यांनी आझाद मैदानात उपोषणं केली त्यांच्यासमोर बसून ‘हे जमणार नाही, कारण असं असं आहे’ असं सरळ सांगण्याचं धाडस कोणी केलं नाही. बघू, समिती नेमू, योग्य वेळी निर्णय घेऊ, यात चार वर्षं गेली. भाई दिल्लीला संरक्षणमंत्री झाले, इथे लक्ष्मीकांत पार्सेकर आले, उत्तर तेच. आपला नेमस्त विचाराने मऊ असतो म्हणून मला खुपत नाही. आपल्या माणसाला नाही म्हणायची त्याला भीती वाटते, ते खुपतं.

ऑगस्ट 2016 मध्ये अमित शहा गोव्यात आले तेव्हा मंचाच्या लोकांनी त्यांना काळे झेंडे दाखवले. महिना संपायच्या आत संघाने वेलिंगकर सरांना जबाबदारीतून मोकळं केलं. शेकडो स्वयंसेवक त्यांच्यामागे बाहेर पडले, संघाचा वेगळा गोवा प्रांत जाहीर झाला, आणि ऑक्टोबरमध्ये गोवा सुरक्षा मंच नावाचा पक्ष निघाला. मगो, म्हणजे महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष, आणि शिवसेनेशी त्यांनी युती केली. फेब्रुवारी 2017 च्या मतदानापर्यंत घराघरांत तट पडले होते.

त्या दिवशी मी आमच्या बूथवर होतो. दोनशे मीटरच्या रेषेबाहेर दोन टेबलं. एकावर कमळ, एकावर मगोचा सिंह. सिंहाच्या टेबलामागे जो बसला होता तो आमच्या वाड्यावरचा जुना स्वयंसेवक, वर्षानुवर्षं आपल्या मतदारांच्या चिठ्ठ्या लिहिणारा. त्याच्याकडे एक लांबट वही असायची, रेशनच्या दुकानात असते तशी. कोण कुठल्या घरातली सून, कोणाचं नाव दोनदा आलंय, कोण वारलाय, कोण पोर्तुगीज पासपोर्ट काढून इंग्लंडात स्विंडनला गेलाय पण यादीत अजून आहे, कोणाला आणायला गाडी पाठवावी लागेल आणि कोणाला पाठवली तर राग येईल, सगळं त्यात. ती वही त्या दिवशी समोरच्या टेबलावर होती. आमच्याकडे संगणकावरून छापलेली कोरी करकरीत यादी. दुपारपर्यंत आमची पोरं मेलेल्या माणसांची घरं शोधत फिरत होती.

कट्टर बाहेर गेले की पक्षाचं काय जातं, असं विचारलंस तर मी ती वही सांगेन. भाषणं करायला दुसरे मिळतात.

निकालात आपण 21 वरून 13 वर आलो. त्या 13 पैकी सात आमदार ख्रिस्ती होते, हे नेमस्तांच्या बाजूने लक्षात ठेव. सुरक्षा मंचाला एकही जागा मिळाली नाही. मगोला तीन मिळाल्या आणि निकालाच्या दुसऱ्याच दिवशी, भाई मुख्यमंत्री होत असतील तर आमचा पाठिंबा, असं पत्र मगोनेही दिलं. निवडणुकीत ज्यांच्या खांद्याला खांदा लावून जहाल लढले ते सरकारात गेले, जहाल घरी गेले. वेगळा प्रांत तर मतदान आटोपल्याबरोबर मूळ संघात विलीन झाला होता.

यापुढचं मात्र नीट वाच. माझं म्हणणं काय ते त्यातच आहे.

पेडण्यात सिंह जिंकला, बाबू आजगावकर आमदार झाले. मार्च 2019 मध्ये ते एका रात्रीत मगो सोडून आपल्या पक्षात आले. शेजारच्या मांद्रेत खुद्द मुख्यमंत्री पार्सेकर काँग्रेसच्या दयानंद सोपटेंकडून पडले. दीड वर्षात सोपटे राजीनामा देऊन आपल्याकडे आले आणि पोटनिवडणुकीत कमळावर निवडून गेले. 2022 मध्ये तिथलं तिकीट सोपटेंनाच मिळालं आणि पार्सेकर पक्ष सोडून अपक्ष उभे राहिले. दोघेही पडले, जागा मगोला गेली. पणजीत 1994 पासून भाईंची जागा. त्यांच्यानंतर मे 2019 च्या पोटनिवडणुकीत वेलिंगकर सर स्वतः उभे राहिले, आपल्या पक्षाचा उमेदवारही होता, आणि जिंकले काँग्रेसचे बाबूश मोन्सेरात. दोन महिन्यांत काँग्रेसचे दहा आमदार आपल्यात आले, त्यात तेही होते. 2022 मध्ये पणजीचं तिकीट त्यांना मिळालं आणि भाईंचा मुलगा उत्पल अपक्ष लढून 716 मतांनी हरला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आणखी आठ आले. त्यांत दिगंबर कामत होते, ज्यांच्या 2011 च्या निर्णयावरून हे सारं रामायण घडलं.

आता सांग, नेमस्त आणि जहाल यांच्या भांडणात जिंकलं कोण? दोघांपैकी कोणी नाही. दोघांनी मिळून रिकामी केलेली खुर्ची तिसऱ्याने घेतली, आणि त्याला ना बौद्धिक ऐकायचं होतं ना मातृभाषेशी देणंघेणं. भरपूर मतं गाठीशी घेऊन आलेला माणूस पक्षाच्या नेतृत्वाला वाद घालणाऱ्या दहा जुन्या कार्यकर्त्यांपेक्षा स्वस्त पडतो, कारण तो प्रश्न विचारत नाही. आपण आपसात जितके झुंजतो तितकी त्याची किंमत वाढते. आणि आमची वही? तो माणूस परत आला नाही. सिंहाचा आमदार कमळात आला, वहीवाला घरीच बसला. हल्ली जत्रेला भेटतो, भजी खातो, राजकारण काढलं की उठतो.

त्यामुळे तू राजीनामा देऊन कोणाचं नुकसान करणार आहेस, हा प्रश्न मी भावनेपोटी विचारत नाही. तुझ्या जागी कोण येईल ते नाव घेऊन सांग. मंडळात कोण टपून बसलंय ते तुलाही ठाऊक आहे, मलाही.

कट्टरांच्या बाजूने एवढं बोललो म्हणून हुरळून जाऊ नकोस. तुझ्या पत्रातल्या तिघांपैकी दोघे गेल्या वेळी जिल्हा पंचायतीचं तिकीट हुकलं त्या आठवड्यात कट्टर झाले. खरा आणि सोयीचा ओळखायचा असेल तर त्यांच्यासमोर मांडवीतल्या कॅसिनोंचा विषय काढ. विरोधात असताना आपण कॅसिनो हटवा म्हणून रस्त्यावर होतो, सत्तेत आल्यावर मुदतवाढीमागून मुदतवाढ देत गेलो. संस्कृतीची एवढी काळजी असलेला माणूस त्यावर काय बोलतो ते ऐक. बहुतेक जण चहा मागवतात. (नेमस्तांना विचारायचं असेल तर भातशेतीच्या जमिनींच्या रूपांतराचं विचार. तेही चहाच मागवतील.)

आणि बोलण्याला धरबंध हवा. ऑक्टोबर 2024 मध्ये वेलिंगकर सरांनी सेंट झेवियरच्या शवाची डीएनए चाचणी करा असं म्हटलं. गोंयच्या सायबाच्या, म्हणजे याच झेवियरच्या, पायांशी नवस बोलणारे हिंदूही आपल्याकडे कमी नाहीत. मडगावात लोक रस्त्यावर उतरले, गुन्हा नोंद झाला, आणि मातृभाषेच्या शाळांसाठी मांडलेला, मला आजही पटणारा मुद्दा त्या गदारोळात आणखी लांब गेला. त्या दिवसांत तुझ्या बूथवरच्या ख्रिस्ती घरांत कोण गेलं होतं? पाव घालणाऱ्या पोदेराशी तरी कोणी बोललं होतं का? तिथली मतं यायची की न यायची ते नंतर. आधी शेजारी आहेत.

रविवारच्या बैठकीचं सांगतो. मोबाइलवर एक ओळ लिहू नकोस. तुझा निरोप कोणाच्या हातातला दगड होतो ते तुला कळायच्याही आधी तो पणजीला पोचलेला असतो. बैठकीत ठराव मांड, लेखी, एका पानाचा. मागणी एकच ठेव: बाहेरून आलेल्या माणसाला आमदारकीचं तिकीट द्यायच्या आधी मंडळाचं मत घ्यावं आणि ते इतिवृत्तात नोंदवावं. हा ठराव नेमस्तालाही पटतो, कट्टरालाही, कारण दोघांच्याही पानातलं काढून नेलं गेलंय. भाषण करू नकोस. अनुमोदक म्हणून तुझ्या गटाबाहेरचा माणूस शोध, शक्यतो ज्याला तू पत्रात दलाल म्हटलंस त्यांपैकीच कोणी. तो नाही म्हणाला तर का म्हणाला ते ऐकून घे, मध्ये बोलू नकोस. ठराव फेटाळला गेला तरी नोंद झाल्याशिवाय उठू नकोस, आणि नोंदीची प्रत माग. द्यायला टाळाटाळ करतील. पुन्हा माग. 2027 ची तिकिटं ठरतील तेव्हा त्या एका कागदाला किंमत येईल, आणि आली नाही तर राजीनामा आहेच की खिशात.

बैठकीच्या आधी एका संध्याकाळी वहीवाल्याकडे जाऊन ये. पक्षाचं काही बोलू नकोस, माझं नाव सांग आणि मतदारयादी कशी वाचायची ते शिकव म्हण. बहुधा हाकलणार नाही.

ठरावाचा मसुदा शुक्रवारपर्यंत पाठव. तुझ्या पत्रात ऱ्हस्व-दीर्घाच्या इतक्या चुका आहेत की तो तसाच मांडलास तर नेमस्त आणि जहाल त्या एका मुद्द्यावर एकत्र येतील.

तुझा,
मास्तर