व्हर्जिनियातील जुनी विटांची घरे नदीकडे तोंड करून का उभी आहेत?

याचे थोडक्यात उत्तर असे की, त्या काळी नदी हाच हमरस्ता होता. रिचमंड आणि विल्यम्सबर्ग यांच्या दरम्यान जेम्स नदीच्या काठी उभे असलेले बर्कली हे घर पाहिले, तर ही गोष्ट सहज ध्यानात येते. तंबाखूचा माल आणि पाहुणे या दोहोंची ये-जा जलमार्गाने होत असल्यामुळे नदीकडची बाजू ही घराची दर्शनी बाजू मानली जाई. विटाही दुरून आणलेल्या नव्हत्या, त्या मळ्यावरच भाजल्या होत्या. बाजूच्या दारावरील दगडात १७२६ हे साल आणि हे घर बांधणारे मळ्याचे मालक चौथे बेंजामिन हॅरिसन व त्यांची पत्नी ॲन यांची आद्याक्षरे कोरलेली आजही दिसतात. त्यांचा मुलगा स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणाऱ्यांपैकी एक होता, तर याच घरात १७७३ मध्ये जन्मलेला नातू विल्यम हेन्री पुढे अमेरिकेचा नववा राष्ट्राध्यक्ष झाला. मात्र या वैभवामागे गुलाम केलेल्या आफ्रिकी माणसांचे कष्ट होते, हे दगडावर कोरलेले नाही. १८६२ मध्ये, अमेरिकेच्या यादवी युद्धाच्या काळात, उत्तरेकडील राज्यांच्या फौजेनेही तळासाठी हाच काठ निवडला, कारण रसद बोटींनी थेट धक्क्यावर उतरवता येत असे.