ऑइल फिल्टर घेताना आधी हे बघा

पहिली गोष्ट, जुना फिल्टर दुकानात नेऊन 'असाच द्या' म्हणू नका. आधीच्या मेकॅनिकने चुकीचा बसवला असेल, तर तीच चूक पुढे चालू राहते. गाडीच्या मॅन्युअलमधला पार्ट नंबर काढा आणि त्यावरूनच मागा.

आटे जुळले, फिल्टर बसला, म्हणजे तो योग्यच असं नाही. आतला बायपास व्हॉल्व्ह, म्हणजे फिल्टर तुंबला तर ऑइलला बाजूने वाट देणारी झडप, किती दाबाला उघडतो हे इंजिनागणिक वेगळं असतं. तो लवकर उघडला तर ऑइल न गाळताच इंजिनात फिरतं, आणि बाहेरून काहीच कळत नाही. फिल्टर आडवा किंवा उलटा बसत असेल तर अँटी-ड्रेनबॅक व्हॉल्व्ह नीट हवाच. नाहीतर रात्रभरात ऑइल खाली उतरतं आणि सकाळी स्टार्ट केल्यावर इंजिन क्षणभर कोरडं खडखडतं. या व्हॉल्व्हला सिलिकॉनचं रबर असेल तर उत्तम, ते उष्णतेने लवकर कडक होत नाही. दोन पैसे जास्त गेले तरी चालतील.

ब्रँडवरून फार डोकं खपवू नका. नामांकित कंपनीचा, योग्य नंबरचा कुठलाही चालतो. नकली माल मात्र खूप असतो, म्हणून खात्रीच्या दुकानातूनच घ्या.

बसवताना जुनी रबरी रिंग इंजिनालाच चिकटून राहिली नाही ना, हे बोट फिरवून बघा. दोन रिंगा एकावर एक आल्या की ऑइल भसाभस गळतं. नव्या रिंगेला ऑइलचं बोट लावा. स्पिन-ऑन फिल्टर, म्हणजे आट्यांवर फिरवून बसणारा डब्यासारखा फिल्टर, हातानेच आवळा, रिंग टेकल्यावर साधारण पाऊण फेरा पुरतो. पाना फक्त काढताना.