डायव्हिंग करणाऱ्या मुलाचा क्रोशा बंद करावा का?

नमस्कार ताई,

तुमचा तेरा वर्षांचा मुलगा पुण्यात डायव्हिंग शिकतो, राज्य स्पर्धेची तयारी करतोय आणि संध्याकाळी तासभर क्रोशा घेऊन बसतो. तो तास सरावाला द्यावा, असं त्याच्या बाबांचं म्हणणं आहे. माझं मत स्पष्ट आहे: क्रोशा चालू राहू द्या.

ब्रिटनचा टॉम डेली 2008 मध्ये चौदाव्या वर्षी ऑलिंपिकला गेला, 2009 मध्ये विश्वविजेता झाला. 2020 मध्ये त्यानं विणकाम हाती घेतलं ते प्रशिक्षकांच्या सांगण्यावरून. सरावाबाहेरही त्याला स्वस्थ बसवत नव्हतं आणि शरीराला विश्रांती मिळत नव्हती. टोकियो ऑलिंपिकमध्ये जोडीदार मॅटी लीसोबत सुवर्ण जिंकल्यावर पदकासाठी पिशवीही त्यानं स्वतःच विणली. पुढे विणकामाच्या साहित्याचा स्वतःचा ब्रँडही काढला.

जादा तासात नेमकं काय बिघडतं ते बाबांना सांगा. 10 मीटर उंचीच्या फलाटावरून डायव्हर ताशी सुमारे 50 किलोमीटर वेगानं पाण्यात शिरतो. पहिला मार तळहात, मनगट आणि खांद्यावर बसतो. पाय दमले की उडीला उंची कमी मिळते, कोलांटी अपुरी राहते आणि मूल पाठीवर किंवा पोटावर आपटतं. सूज चार दिवसांत उतरते, भीती महिनोन्‌महिने राहते. डेलीलाही एका उडीची अशी धास्ती बसली होती. शेवटी त्यानं ती सोडून दुसरी बसवली. शिवाय या वयात उंची झपाट्यानं वाढते आणि बसलेलं टायमिंग चुकायला लागतं. प्रशिक्षकांनी 5 मीटरवरून पुन्हा 3 मीटरवर आणलं, तर त्याला आळशी म्हणू नका.

क्रोशाला मर्यादा हवी, कारण मनगट तेच. वीस-पंचवीस मिनिटांनी सुई खाली ठेवायची, बोटं ताणायची, कोपराखाली उशी घ्यायची. मनगट दुखत असेल त्या दिवशी सुट्टी. स्पर्धेच्या आठवड्यात फुटबॉल मात्र नको, घोटा मुरगळला की सगळं संपलं. रात्री अंथरुणातला मोबाइल तर आधी बंद करा. झोप तोच खातो.

पुढच्या वाटेचं म्हणाल, तर पुण्यातल्या आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूटच्या बॉइज स्पोर्ट्स कंपनीत (लष्कराच्या मुलांसाठीच्या निवासी क्रीडा प्रशिक्षण योजनेत) डायव्हिंग आहे. तिथे लहान वयातच घेतात, तेव्हा चौकशी याच महिन्यात करा. राज्य सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे, पण प्रमाणपत्राची पडताळणी लागते. प्रत्येक स्पर्धेचं मूळ प्रमाणपत्र आणि निकालपत्रक आतापासून एका फाइलमध्ये लावत चला.