ऑकलंड साताऱ्यापासून किती लांब?

तुम्ही विचारलंत, मुंबई ते न्यूझीलंडमधलं ऑकलंड अंतर किती, किती तास लागतात, आणि साताऱ्यात आई एकटी असताना इतक्या लांब यावं का. तिसरा प्रश्न वाचून मला रात्री झोप लागली नाही, म्हणून सविस्तर लिहितेय. व्हिसाचे नियम तुम्ही वाचलेच असतील, ते सोडते.

हवाई अंतर साधारण 12,300 किलोमीटर. थेट विमान नाही. सिंगापूर जवळजवळ वाटेवरच पडतं. मुंबईहून तिथवर साडेपाच तास, पुढे दहाच्या आसपास. भारतात जाताना वारा समोरून असतो, तेव्हा थोडा जास्त वेळ धरा. पण हे झाले विमानातले तास. तुम्ही दारापासून दारापर्यंत मोजा. सातारा-मुंबई गाडीने सहा तास, विमानतळावर तीन, मधला थांबा, ऑकलंडला उतरल्यावर खाण्याच्या सामानाची तपासणी (आईने दिलेला प्रत्येक डबा फॉर्मवर लिहा, लपवला तर 400 डॉलर दंड). तीस तासांच्या आत मी एकदाही पोचले नाही.

घड्याळ इथल्या हिवाळ्यात भारताच्या साडेसहा तास पुढे, इथल्या उन्हाळ्यात साडेसात. आई संध्याकाळी पाचचा चहा घेते तेव्हा तुमच्याकडे मध्यरात्र होत आलेली किंवा उलटलेली असते. इथे रात्री जेवून फोन केला तर तिकडे दुपार असते, तीच वेळ धरा.

मुलाच्या शाळेचं मात्र सांगायलाच हवं. इथे शाळेचं वर्ष जानेवारीअखेर किंवा फेब्रुवारीच्या सुरुवातीला सुरू होतं. आम्ही जूनमध्ये आलो, म्हणजे मधेच. मुलगा तिकडे इंग्रजी माध्यमात तिसरीत होता, तरी त्याला रोज तासभर वर्गातून उठवून इंग्रजी शिकायला वेगळं बसवायचे. मी गप्प राहिले. सहा महिन्यांत तो म्हणाला, "आई, शाळेच्या गेटपाशी मराठी नको बोलूस." पुढे घरातही बोलेना. अण्णांशी, माझ्या वडिलांशी, त्याचं फोनवरचं बोलणं "कसे आहात, बरा आहे" एवढ्यावर आलं. त्या शाळेवरचा राग अजून गेलेला नाही, आणि त्याहून जास्त स्वतःवरचा.

एकटेपणा पहिल्या हिवाळ्यात येतो, कामाला लागलात की कमी होतो. त्याची फार काळजी करू नका.

आता तुमचा तिसरा प्रश्न. इथलं नागरिकत्व घेतल्यावर माझा भारतीय पासपोर्ट रद्द झाला होता आणि ओसीआयचा (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीयांना व्हिसाशिवाय भारतात येऊ देणाऱ्या कार्डाचा) अर्ज अडकलेला होता. दर वेळी एक नवीन कागद मागायचे. एकदा तर फोटोचा आकार चुकला म्हणून सगळा अर्ज परत आला. त्याच महिन्यात अण्णा गेले. माझ्याच गावी जायला मला व्हिसा काढावा लागला, आणि तो हातात पडायला तीन दिवस लागले. भावाने विचारलं, "ताई, थांबू का?" मी म्हटलं, "थांबू नकोस." मी पोचले तेव्हा सहावा दिवस होता. दाराशी त्यांच्या चपला तशाच होत्या.

म्हणून येऊ नका असं मी म्हणणार नाही. मी आलेच ना. पण नागरिकत्व घेण्याची घाई करू नका. घेतलंत तर ओसीआय हातात येईपर्यंत ई-व्हिसा काढून ठेवा. अचानक निघावं लागलं तर तिकिटाला लागतील तेवढे पैसे वेगळे ठेवा. आणि आईचा पासपोर्ट काढलाय का? नसेल तर तुमच्या अर्जाच्या आधी तो काढा.