पोर्ट ऑफ स्पेनहून (त्रिनिदाद) मराकस बीच: कसं जायचं, पोहणं सुरक्षित आहे का?

गाडीने पाऊण तास धरा. नॉर्थ कोस्ट रोड डोंगरातून वळणावळणाचा आहे, गाडी लागत असेल तर गोळी आधीच घ्या. बस, मॅक्सी टॅक्सी (शेअर मिनीबस) कमी. भाड्याची गाडी केलीत तर परतीचंही आधीच ठरवा. रविवारी तोबा गर्दी, मधला वार बरा.

पोहायचं ते लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधेच. दिसायला शांत खाडी, पण लाटा जोरदार आणि ओढ फसवी. आत खेचले गेलात तर किनाऱ्याच्या दिशेने झटू नका, दमाल. किनाऱ्याला समांतर पोहत ओढीबाहेर या, मग वळा.

'बेक अँड शार्क' खायचंच: टम्म फुगलेल्या तळलेल्या पावात शार्कचा तुकडा. चिंचेची चटणी सढळ, पेपर सॉस (मिरचीचा तिखट सॉस) मात्र थेंबभर!