वाचकांचे प्रश्न : शेजारच्या शिवाराचा झोन बदलताना

प्रश्न : आमची वडिलोपार्जित भातशेती वडगाव शिवारात आहे. आमच्या बांधाला लागून असलेल्या जमिनीचा वापर शेतीऐवजी निवासी करण्यासाठी अर्ज झाल्याची नोटीस वर्तमानपत्रात आली आहे. बुडाकडे, म्हणजे बेळगाव नगरविकास प्राधिकरणाकडे, अर्ज गेला म्हणजे काम झालेच, आता हरकत घेऊन उपयोग नाही, असे लोक सांगतात. सुनावणीचे पत्र येईपर्यंत थांबावे का? आणि हरकत मराठीत दिली तर चालेल का?
– एक शेतकरी, वडगाव

उत्तर : थांबू नये. मंजूर बृहत् आराखड्यात, म्हणजे कोणती जमीन कशासाठी वापरायची (तिचा झोन) हे ठरवणाऱ्या नियोजन आराखड्यात, दाखवलेला जमिनीचा वापर बदलण्याची तरतूद कर्नाटक नगर व ग्राम नियोजन कायदा, १९६१ च्या कलम १४-अ मध्ये आहे. बुडा हा बदल केवळ स्वतःच्या अधिकारात करू शकत नाही. त्यासाठी राज्य सरकारची पूर्वमंजुरी लागते. बदल सार्वजनिक हिताचा असावा, तो या किंवा अन्य कायद्याच्या विरुद्ध नसावा आणि प्रस्ताव त्या भागात खपणाऱ्या दैनिकात प्रसिद्ध करून लोकांना हरकती व सूचनांसाठी किमान १५ दिवसांची मुदत द्यावी, अशा अटी कायद्यानेच घातल्या आहेत. त्यामुळे ‘अर्ज गेला म्हणजे काम झाले’ हे म्हणणे चुकीचे आहे. असल्या बोलण्याने अनेक शेतकरी हात बांधून बसतात, याचे फार वाईट वाटते.

मात्र या कलमाचा सारा भर वर्तमानपत्रातील प्रसिद्धीवर आणि त्यानंतर येणाऱ्या हरकतींवर आहे. घरी सुनावणीचे पत्र येईल या भरवशावर राहिल्यास मुदत टळते आणि मग कितीही रास्त तक्रार असली तरी ती उशिरा आलेली तक्रार ठरते. नोटिशीचे कात्रण तारखेसह जपून ठेवावे, त्यातील सर्व्हे नंबर आपल्या उताऱ्याशी आणि गावनकाशाशी ताडून पाहावेत, आणि बुडाच्या कार्यालयात जाऊन अर्जाची फाईल व जोडलेला नकाशा पाहू देण्याची विनंती करावी. माहिती अधिकारातील उत्तराला ३० दिवसांची मुदत असते; १५ दिवसांच्या हरकतीसाठी त्या उत्तराची वाट पाहण्यात अर्थ नाही. तो अर्ज नंतर, प्राधिकरणाच्या बैठकीतील ठरावाची प्रत मिळवण्यासाठी वापरावा.

हरकतीत काय लिहावे, यावर सर्वाधिक विचार करावा. ‘आमचा या प्रस्तावाला तीव्र विरोध आहे’ एवढ्याच मजकुराखाली शंभर सह्या असल्या, तरी अधिकाऱ्याला त्यावर निर्णय लिहिण्याजोगे काही सापडत नाही. आपल्या शिवाराचा खरा मुद्दा पाण्याचा आहे. बळ्ळारी नाल्याचे पाणी पावसाळ्यात पात्र सोडून वडगाव-शहापूरच्या भातात शिरते आणि रोवलेले पीक कुजते, हे तेथील प्रत्येक शेतकऱ्याने पाहिलेले आहे. आज ज्या शेतातून ते पाणी पसरत ओसरते, तेथे भराव टाकून प्लॉट पाडले तर ते पाणी कोणाच्या बांधावर येईल, हे नकाशावर बाण काढून दाखवावे. ओघळ कोठून वाहतो, मोरी कोठे आहे, पाणंद किती रुंद आहे, नव्या वस्तीचे सांडपाणी कोणत्या गटारीला जोडणार आहेत, हे एकेक मुद्दा क्रमांक घालून लिहावे आणि पूर आलेल्या दिवसांची छायाचित्रे, पूर्वीच्या पीकनुकसानीच्या पंचनाम्याची प्रत व स्वतःचा उतारा जोडावा. ज्या शिवाराच्या बासमतीने बेळगावचे नाव दूरवर नेले, ते राखणे हा सार्वजनिक हिताचाच विषय आहे आणि तसे स्पष्ट लिहिण्यास संकोच करू नये. पण तो मुद्दा पाण्याच्या मुद्द्यानंतर यावा, कारण मोजता येणारे नुकसान खोडून काढणे अधिक अवघड असते.

भाषेविषयी : भारतीय राज्यघटनेच्या कलम ३५० नुसार संघराज्यात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत तक्रारीचे निवेदन देण्याचा प्रत्येकाला हक्क आहे. म्हणून हरकत मराठीत देता येते, आणि ती केवळ भाषेमुळे नाकारली गेल्यास नकार लेखी मागावा. तरीही माझा सल्ला असा की, मराठी हरकतीसोबत कन्नड भाषांतर जोडावे. हा हक्क सोडणे नव्हे. फाईल पुढे सरकारकडे जाते आणि तेथे वाचणाऱ्याला आपला मुद्दा कळला नाही तर नुकसान आपलेच आहे. दोन्ही प्रतींवर आवक क्रमांक, शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नये.

हरकत दिली म्हणजे प्रस्ताव फेटाळला जाईलच, असे नाही. परंतु हरकतींचा विचार न करताच मंजुरी दिली गेल्यास कर्नाटक उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठात रिट याचिका दाखल करताना हीच शिक्क्याची प्रत आपला आधार ठरते.

प्रश्न : आमच्या वसाहतीत उद्यानासाठी राखलेली जागा एका संस्थेला इमारतीसाठी देण्याची चर्चा आहे. जागा आमच्या मालकीची नसल्याने रहिवाशांना बोलण्याचा अधिकार नाही, असे सांगतात.
– एक रहिवासी, बेळगाव

उत्तर : हा अधिकार रहिवाशांना आहे. बेंगळूरच्या राजमहाल विलास विस्तारातील उद्यानाची जागा खासगी रुग्णालयासाठी देण्यात आली, तेव्हा तेथील रहिवासी न्यायालयात गेले. बंगलोर मेडिकल ट्रस्ट विरुद्ध बी. एस. मुद्दप्पा या खटल्यात १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने उद्यानाची जागा अशी वळवता येत नाही आणि परिसरातील रहिवाशांना त्याविरुद्ध दाद मागता येते, असा निर्णय दिला. मंजूर लेआउटची प्रत मिळवून त्यावर उद्यान म्हणून दाखवलेली जागा खुणेने दर्शवावी आणि ती जोडून बुडा व महानगरपालिका या दोघांनाही आताच निवेदन द्यावे. चर्चेचे रूपांतर ठरावात होण्याआधी हे झाले पाहिजे.

प्रश्न : माझ्या स्वतःच्या जमिनीवर घरे बांधायची आहेत. जिल्हाधिकाऱ्यांकडून एनए करून घेतले की झोन आपोआप बदलतो का?
– एक जमीनमालक, बेळगाव तालुका

उत्तर : नाही. एनए, म्हणजे बिनशेती परवानगी, कर्नाटक जमीन महसूल कायदा, १९६४ च्या कलम ९५ खाली मिळते. झोन बृहत् आराखड्यावरून ठरतो. आराखड्यात जमीन शेतीसाठी दाखवलेली असेल, तर आधी वापरबदलाची मंजुरी घ्यावी, त्यासाठी आकारले जाणारे शुल्क भरावे, मग बिनशेती आणि त्यानंतर लेआउटची मंजुरी, असा क्रम ठेवावा. प्लॉट पाडून स्टॅम्पपेपरवर आधी विकून टाकण्याचा मार्ग अनेकजण धरतात. त्यात घेणाऱ्याची आयुष्याची पुंजी अडकते आणि त्याला बांधकामाचा परवाना मिळत नाही. आपण तसे करू नये. अर्ज करण्यापूर्वी आपल्या सर्व्हे नंबरचा झोन दाखवणारा दाखला प्राधिकरणाकडून लेखी घ्यावा आणि एजंटाच्या मोबाइलवरील नकाशावर विसंबू नये.