प्रपंचात राहून धर्मसंघाचे सदस्य होताना : वाचकांचे प्रश्न

कॅथलिक धर्मसंघांच्या प्रापंचिक सदस्यत्वाविषयी, म्हणजे मठात न जाता घरसंसारात राहून संघाचे सदस्य होण्याविषयी, आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांना या वेळी उत्तरे देत आहे. जागेअभावी पत्रे संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : मी विवाहित असून मला शाळेत जाणारी दोन मुले आहेत. कार्मेल या धर्मसंघाच्या प्रापंचिक शाखेच्या मासिक सभांना मी काही काळ पाहुणी म्हणून जात आहे आणि आता रीतसर प्रवेश घ्यावा असे मला मनापासून वाटते. माझ्या पतींना मात्र भीती वाटते, की मी हळूहळू घरापासून दूर जाईन आणि ‘अर्धी सिस्टर’, म्हणजे अर्धी संन्यासिनी, होऊन बसेन. हे सदस्यत्व म्हणजे नेमके काय? पतींची मान्यता नसताना मी पुढे जावे का?

उत्तर : तुमच्या पतींच्या मनातली भीती आधी दूर करायला हवी, कारण ज्या समजुतीतून ती आली आहे तीच समजूत प्रवेश घेऊ इच्छिणाऱ्या कित्येकांच्या मनातही असते. मठात जाता आले नाही म्हणून घरातल्या घरात लहानसा मठ थाटणे, असे या सदस्यत्वाचे स्वरूप मुळीच नाही. १९८३ च्या चर्चविधानसंहितेचे कलम ३०३ अशा संस्थांचे वर्णन करते, ते असे : त्यांचे सदस्य जगात राहतात, एखाद्या धर्मसंघाच्या आध्यात्मिक वृत्तीत सहभागी होतात, त्या संघाच्या वरिष्ठ मार्गदर्शनाखाली प्रेषितकार्य (श्रद्धेच्या प्रसाराचे आणि सेवेचे काम) करतात आणि ख्रिस्ती परिपूर्णतेचा ध्यास घेतात. चर्चच्या दृष्टीने तुमचे स्थान यामुळे बदलत नाही. तुम्ही प्रापंचिकच राहता, विवाहसंस्काराने आलेली कर्तव्ये जशीच्या तशी राहतात, आणि ती डावलून संघाचे काम करण्याची मुभा कोणालाच नसते.

आता कार्मेलविषयी. प्राथमिक परिचयाच्या काळानंतर सुमारे दोन वर्षांचे प्रशिक्षण होते, त्याच्या शेवटी पहिले अभिवचन दिले जाते आणि त्यानंतर निदान तीन वर्षांनी कायमचे अभिवचन देता येते. ब्रह्मचर्य, दारिद्र्य आणि आज्ञापालन या शुभवर्तमानातील (येशूचे जीवन आणि शिकवण सांगणाऱ्या ग्रंथांतील) तीन उपदेशांच्या वृत्तीने आणि येशूच्या डोंगरावरील प्रवचनातल्या धन्योद्गारांच्या (‘धन्य ते...’ अशा वचनांच्या) वृत्तीने आपण परिपूर्णतेकडे वाटचाल करू, असे हे अभिवचन असते. येथे एक गोष्ट स्पष्टच सांगतो, कारण संकोचामुळे ती विचारली जात नाही आणि मग घरात नाहक ताण निर्माण होतो. विवाहित सदस्याच्या बाबतीत पहिल्या उपदेशाचा अर्थ जोडीदाराशी निर्मळ मनाने एकनिष्ठ राहणे हा आहे. वैवाहिक जीवनातून अंग काढून घ्यावे, असे कोणताही संघ कधीही सांगत नाही.

रोजच्या बांधिलकीत सर्वांत अवघड भाग अर्ध्या तासाच्या मौनप्रार्थनेचा असतो. त्याखेरीज चर्चच्या प्रहरप्रार्थनांपैकी (दिवसाच्या ठरावीक वेळी म्हणायच्या प्रार्थनांपैकी) सकाळची आणि सायंकाळची प्रार्थना, शक्य होईल तेव्हा रोजचा मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) आणि महिन्याची सभा. दोन मुलांच्या घरात अर्धा तास आपोआप मिळत नाही, तो कोणाच्या तरी वेळेतून काढावा लागतो. म्हणून तो कोणाच्या वेळेतून निघतो आहे, हे तुम्ही प्रामाणिकपणे पाहा. मुलांचे डबे भरून झाल्यावर आणि सगळे बाहेर पडल्यावर, किंवा पहाटे घर जागे होण्याआधी तो मिळत असेल, तर कुणाचीच तक्रार असणार नाही. पण रात्री पती कामावरून परतल्यावर, दिवसातून तेवढीच वेळ दोघांना बोलायला मिळत असताना, तुम्ही दार लोटून प्रार्थनेला बसत असाल, तर त्यांची भीती साधार आहे आणि वेळ बदलायला हवी ती तुम्हीच.

संमतीचा प्रश्न जुनाच आहे. संत फ्रान्सिस असिसीकरांच्या प्रेरणेने प्रायश्चित्ताचे जीवन जगणाऱ्या प्रापंचिक स्त्री-पुरुषांसाठी १२२१ साली जी नियमावली तयार झाली, तिच्यात विवाहित स्त्रीला पतीच्या संमतीविना प्रवेश देऊ नये असे कलमच होते. तेव्हाचा समाज वेगळा होता आणि केवळ स्त्रीवर घातलेली ती अट आज कोणी जशीच्या तशी स्वीकारणार नाही. तरीही माझे मत असे आहे, की पती असोत वा पत्नी, जोडीदाराचा ठाम विरोध असताना कायमच्या अभिवचनाकडे जाऊ नये. थांबल्याने तुमचे काहीच हिरावले जात नाही, कारण सुरुवातीचा काळ कोणत्याही बंधनाशिवाय पारखून पाहण्यासाठीच असतो. पतींना एकदा सभेला सोबत घेऊन जा, नियमावली त्यांच्या हाती द्या, आणि वर्षभरात तुमच्या स्वभावात काय फरक पडला ते त्यांनाच विचारा. त्यांचे उत्तर तुमच्या प्रशिक्षकांच्याही उपयोगी पडेल.

प्रश्न : मी पंचविशीतला अविवाहित तरुण आहे. संत फ्रान्सिस यांच्या साधेपणाची मला ओढ आहे, पण धर्मशास्त्राच्या अभ्यासाचीही आवड आहे. मी फ्रान्सिस्कन व्हावे की डॉमिनिकन? दोन्हीकडे नाव नोंदवता येईल का?

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे : एका वेळी एकाच संघाचे व्हावे. या सदस्यत्वात माणूस एका विशिष्ट कुटुंबाला शब्द देतो, आणि दोन नियम एकाच वेळी मनापासून पाळता येत नाहीत.

पहिल्या प्रश्नाबाबत, संघांमधला फरक पुस्तकी वर्णनातून जेवढा कळतो त्यापेक्षा त्यांच्या सभांमधून अधिक कळतो. प्रापंचिक फ्रान्सिस्कनांची आजची नियमावली पोप सहावे पॉल यांनी १९७८ साली मंजूर केली. शुभवर्तमानातून जीवनाकडे आणि जीवनातून शुभवर्तमानाकडे सतत ये-जा करणे हा तिचा गाभा आहे, आणि बंधुसमाज, म्हणजे एकमेकांना धरून राहणारा स्थानिक गट, हा त्यांच्या जगण्याचा कणा आहे. डॉमिनिकन परंपरेत प्रार्थनेच्या बरोबरीने अभ्यासाला मान आहे, कारण संत डॉमिनिक यांनी संघ स्थापला तोच प्रवचनकार्यासाठी, आणि जे सांगायचे ते आधी समजून घेतलेले असावे, हा त्यांचा आग्रह प्रापंचिक सदस्यांपर्यंत पोहोचला आहे. बेनेडिक्टाईन परंपरेतले ऑब्लेट, म्हणजे तिथले प्रापंचिक सदस्य, एखाद्या ठरावीक मठाशी जोडले जातात आणि संत बेनेडिक्ट यांच्या ७३ प्रकरणांच्या नियमातून आपल्या घरासाठी आणि कामासाठी वळण शोधतात.

मात्र ही वर्णने फार घट्ट धरू नका. पिएर जॉर्जो फ्रासाती हा तूरिनचा अभियांत्रिकीचा विद्यार्थी १९२२ साली डॉमिनिकन संघाचा प्रापंचिक सदस्य झाला. पण तो लोकांच्या स्मरणात राहिला तो गरिबांच्या घरी औषधे आणि मदत घेऊन जाणारा तरुण म्हणून, आणि डोंगर चढण्याच्या वेडासाठी. १९२५ साली, वयाच्या अवघ्या २४ व्या वर्षी, तो पोलिओने गेला. ७ सप्टेंबर २०२५ रोजी त्याला संतपद देण्यात आले. म्हणजे साधेपणा आणि गरिबांची सेवा यांचा मक्ता केवळ फ्रान्सिस्कनांकडे नाही. तसेच डब्लिनचा मॅट टॅलबट पाहा. तरुणपणी दारूच्या आहारी गेलेला आणि पुढे ती कायमची सोडलेला हा मजूर १८९० साली फ्रान्सिस्कन तृतीय संघात (प्रापंचिक शाखेचे जुने नाव) आला. त्याचे शालेय शिक्षण अगदी तुटपुंजे होते, तरीही आध्यात्मिक ग्रंथ वाचण्याची त्याची चिकाटी पाहिली, की अभ्यास हा एकाच संघाचा प्रांत आहे असे म्हणवत नाही.

तुमच्यापुढे अविवाहित असण्याचा आणखी एक मुद्दा आहे. तुम्हाला खरोखर धर्मगुरू किंवा ब्रदर (धर्मगुरू नसलेला व्रतस्थ संघसदस्य) व्हावेसे वाटत असेल आणि त्या निर्णयाला बगल देण्यासाठी हा मार्ग सोयीचा वाटत असेल, तर आधी एखाद्या अनुभवी आत्मिक मार्गदर्शकाशी मोकळेपणाने बोला. प्रापंचिक सदस्यत्व ही स्वतंत्र हाक आहे. दुसरी हाक टाळण्यासाठी घेतलेले सदस्यत्व टिकत नाही.

प्रश्न : मी विधुर व निवृत्त आहे. सदस्य झाल्यावर माझी मालमत्ता संघाला द्यावी लागेल का? झगा घालावा लागतो का? नाव बदलते का? मुले विचारत आहेत.

उत्तर : मालमत्ता तुमचीच राहते, आणि मुलांच्या हक्काला कोठेही धक्का लागत नाही. स्थानिक गटाच्या खर्चासाठी आपल्या ऐपतीप्रमाणे वर्गणी देणे अपेक्षित असते. गंमत म्हणजे १२२१ च्या त्याच नियमावलीत सदस्याने प्रवेशानंतर तीन महिन्यांच्या आत मृत्युपत्र करावे, असे सांगितले होते, म्हणजे मागे राहणाऱ्यांमध्ये भांडणे होऊ नयेत. प्रवेशाआधी कर्जे फेडावीत, अन्यायाने घेतलेले परत करावे आणि शेजाऱ्यांशी समेट करावा, हीदेखील अट होती. तुमच्या मुलांना हे जरूर सांगा. मृत्युपत्राचा सल्ला आजही उत्तम आहे.

झगा रोज घालायचा नसतो. फ्रान्सिस्कन सदस्य ताऊ क्रूस (इंग्रजी T च्या आकाराचा क्रूस) वापरतात, कार्मेलचे सदस्य स्कॅप्युलर (गळ्यात घालायचे कापडी चिन्ह). नाव कागदोपत्री बदलत नाही.

प्रश्न : मी प्रापंचिक फ्रान्सिस्कन संघात कायमचे अभिवचन दिले आहे. माझी आई अंथरुणाला खिळली आहे आणि तिचे सगळे मीच करते. महिनोन्महिने सभेला जाता आले नाही, प्रार्थना अर्धवट राहते, कधी कधी स्तोत्र म्हणता म्हणता डोळा लागतो. मी दिलेला शब्द मोडला, असे वाटून पापनिवेदनातही (धर्मगुरूपुढे पापे कबूल करताना) तेच तेच सांगते. मी संघ सोडावा का?

उत्तर : सोडू नका. तुमचे पत्र वाचून वाईट वाटले, कारण ज्या ओझ्याने तुम्ही वाकला आहात ते ओझे संघाने तुमच्यावर कधीच ठेवलेले नाही. अगदी पहिल्या नियमावलीपासून असे नमूद आहे, की तिच्यातले नियम पाळण्यात कसूर झाली तर ते पाप धरले जात नाही, आणि आजारी माणसाला प्रहरप्रार्थनेतून सूट होती. तुम्ही स्वतः आजारी नसलात, तरी रात्री दोनदा उठून आईची कूस बदलणाऱ्या, तिला घासघास भरवणाऱ्या आणि मग दिवसभर कामाला जुंपलेल्या माणसाची थकलेली अवस्था कोणता मार्गदर्शक समजून घेणार नाही? पापनिवेदनात हे पुन्हा पुन्हा सांगू नका. स्तोत्राच्या मध्येच झोप लागणे ही शरीराची गरज आहे, आणि ज्या देवाने ते शरीर घडवले त्याला ती ठाऊक आहे.

तुमच्या संघाची आश्रयदाती, हंगेरीची संत एलिझाबेथ, २४ व्या वर्षी वारली. विधवा झाल्यावर तिने मारबुर्ग येथे रुग्णालय उभारले आणि आजाऱ्यांची सेवा स्वतःच्या हातांनी केली. तुम्ही आईच्या खोलीत जे करत आहात ते याच वाटेवरचे आहे. ते तुमच्या अभिवचनाच्या आड येत नाही, आज तुमचे अभिवचन याच रूपात पाळले जात आहे, असे मी जबाबदारीने लिहितो.

पण या पत्रात मला खटकते ते वेगळेच. एवढ्या महिन्यांत तुमच्या गटातले कोणी घरी आल्याचा उल्लेखही नाही. १२२१ च्या नियमावलीत आजारी बंधुभगिनीला पदाधिकाऱ्यांनी आठवड्यातून एकदा भेटावे आणि गरज पडल्यास सामायिक निधीतून मदत करावी, असे सांगितले होते. बंधुसमाजाचे सदस्यत्व ही एकतर्फी बांधिलकी कधीच नव्हती. म्हणून गटाच्या प्रमुखांना या आठवड्यातच फोन करा किंवा चार ओळी लिहा : आईची अवस्था काय आहे, सभेला का येता येत नाही, आणि महिन्यातून एका दुपारी कोणी आईजवळ दोन तास बसू शकेल का. याच गोष्टी नेमकेपणाने मागा, कारण ‘काही लागले तर सांगा’ असे म्हणणाऱ्या भल्या माणसांनाही नेमके काय लागते ते कळत नाही. कोणी घरी येणार असेल, तर त्या दिवशीची सायंप्रार्थना आईच्या खोलीतच सर्वांनी मिळून म्हणता येईल. उरलेल्या दिवशी एक स्तोत्र आणि ‘आमच्या स्वर्गीय बापा’ एवढे झाले तरी चालेल. आपल्या आत्मिक साहाय्यकांशी बोलून तेवढेच निश्चित करून घ्या, म्हणजे रोज रात्री काय राहिले याचा हिशेब मांडत बसावे लागणार नाही. चुकलेल्या सभांची यादी देण्याची गरज नाही. परिस्थिती एकदा सांगितली की पुरे.